उजेडाच्या चौक्या

बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि बूच दाबून घट्ट बसवायचं, एवढं सरांनी सांगितलं होतं आणि एवढं मी अगदी मन लावून केलं. ती भरलेली बाटली एस.टी.च्या खिडकीशी उन्हात ठेवायची नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. न सांगितलेलं आपल्या डोक्यानं ओळखायची सवय मला तेव्हाही नव्हती. आता तर बायकोच्या मते ती लागायचं वयही गेलं. साताऱ्याहून सांगलीला निघालेली गाडी, कराड मागं पडलेलं, भर दुपार, माणसं एकमेकांच्या खांद्यावर पेंगलेली. आमच्या गावच्या म्हशींच्या डोहातला काळा चिखल पोटात घेऊन बसलेली ती बाटली तापता तापता अशी काही वाजली, की बूच गाडीच्या टपाला लागून खाली आलं आणि चिखलाचा फवारा पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उडाला. ते भाच्यासाठी मुलगी बघायला निघाले होते, हे त्यांनी लगेच साऱ्या गाडीला मोठ्यानं सांगितलं. चिखलाचं एक वेळ चाललं असतं, पण वास! सडक्या अंड्यांची पाटी कुणी उन्हात पालथी करावी तसा. बायकांनी नाकाला पदर लावले. एक म्हातारी "अगं बया, गाडीत मेलंय काय?" म्हणत बाकाखाली वाकून शोधायला लागली. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढून गाडी थांबवली आणि विचारलं, "कुणाची ही घाण? चला, उतरा खाली."

मी उतरायला उठलोच होतो. शेजारी बसलेल्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माझ्या सदऱ्याला धरून मला खाली ओढलं आणि फौजेतल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "माझी हाय. डोळ्याचं औषध हाय ते. वैद्यानं दिलंया. अंधारात दिसत न्हाई मला."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. पण गाडीचा नूर पालटला. "डोळ्याचं व्हय? मग ऱ्हाऊ द्या बापड्याचं," असं कुणीतरी म्हणालं. म्हातारीनं तर आपल्या पिशवीतला फडका काढून दिला. धोतरवाले गृहस्थ मात्र खरे रसिक निघाले. ते म्हणाले, "मग पाव्हनं, माझ्या धोतरावरचं बी निपटून घ्या की. महागाचं औषध, वाया कशाला घालवताय?" सगळी गाडी हसली. दादाही हसला. फक्त हसताना त्याचं तोंड त्या गृहस्थांकडं नव्हतं, त्यांच्या शेजारच्या लोखंडी दांड्याकडं होतं. हे मला त्या गर्दीत दिसलं आणि मी हसायचं सोडून बूच शोधायला बाकाखाली वाकलो.

दादा फौजेतून परत आला होता तो धड दोन हात, दोन पाय आणि काळी पेटी घेऊन. गावाला वाटलं, लढाईत काही न होता आला, नशीबवान. पण त्याला अंधार पडला की दिसेनासं झालं होतं. कितीतरी दिवस त्यानं ते लपवलं. रात्रीच्या पहाऱ्याला जाताना पुढच्या जवानाच्या पिशवीचा बंद बोटात धरून चालायचा. एकदा बंद सुटला आणि हा काटेरी तारेत गेला. मग तपासणी झाली आणि घरी पाठवणी. दिवसाचं त्याला चांगलं दिसायचं, पण फक्त समोरचं. कडेचं कुणीतरी कातरून नेल्यासारखं. "पपईच्या देठातनं बघितल्यागत" असं तो म्हणायचा. आई सारखं त्याच्या पानात गाजर नाहीतर शेवगा वाढायची आणि तो निमूट खायचा.

सांगलीत माझी खोली होती, हळदीच्या पेठेच्या मागं. खोली म्हणजे एकामागं एक तीन डबे: पुढं सोपा, मधे अंधारी खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्यामागं वीतभर अंगण. दादाला जवळच्या साखर कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीचं तात्पुरतं काम मिळालं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मिरजेच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं, की त्याला कायम करणार होते. म्हणून तो आणि वहिनी माझ्याकडं राहायला आले. वहिनी आली आणि त्या तीन डब्यांचं घर झालं. पहाटे पंप मारलेल्या स्टोचा आवाज, तव्यावर भाकरी टाकल्यावर पाण्याचा हात फिरवल्याचा चुर्र, खलबत्त्यात खर्डा. पेठेत हमालांच्या आरोळ्या सुरू व्हायच्या आणि वाऱ्याबरोबर हळदीची धूळ आत यायची. चादरी पिवळ्या, माझे सदरे पिवळे. वहिनी म्हणायची, "भावजी, आता निस्ती नवरी बघायची राहिलीया. हळद रोज लागतीया." घेवड्याची आमटी ती अशी करायची की मी कॉलेजातून येताना पेठेच्या तोंडाशीच ओळखायचो. आज आमच्या घरात घेवडा होतो, चांगला होतो, पण असं काही लिहिलं की मला दोन दिवस दुसरंच काहीतरी मिळतं, म्हणून इथंच थांबतो.

ती चिखलाची बाटली माझ्या एम्.एस्सी.च्या कामाची होती. तसल्या चिखलात एका जातीचे जांभळे जिवाणू राहतात. झाडासारखे तेही उजेडावर जगतात, पण झाडासारखे वर मोकळ्या हवेत नाही, तर खाली, हवा पोचत नाही तिथं. वरचा चांगला उजेड पानांनी आणि शेवाळानं आधीच खाऊन टाकलेला असतो. ह्यांच्या वाट्याला उरतो तो मुख्यतः लाल रंगाच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड, आणि तोही थोडाच. म्हणून एकेका जिवाणूच्या अंगात रंगद्रव्याचे कितीतरी रेणू प्रथिनांच्या कोंदणात बसवलेले असतात. त्यातले बहुतेक रेणू स्वतः काहीच कामाचं करत नाहीत. ते फक्त उजेड झेलतात आणि त्याचा जोर शेजारच्याला देतात, तो त्याच्या शेजारच्याला, असं हातोहात मधल्या एका ठिकाणी पोचवतात. खरं काम तिथं चालतं. उजेडाचं हे झेलणं कसं चालतं, तेच मला बघायचं होतं. कोल्हापूरच्या यंत्रावर आम्ही त्या द्रवातून एकेक रंगाचा उजेड पाठवून बघितला, तेव्हा जिथं माणसाच्या डोळ्याला ठार काळोख, नेमकं तिथं आलेखात दोन उंच टेकाडं उभी राहिली, शेजारी शेजारी. मी सरांना म्हणालो, "सर, हे यंत्र बिघडलंय." त्या टेकाडांसाठीच तर आम्ही कोल्हापूरला आलो होतो.

आता हे जिवाणू वाढवायचे तर उजेड सतत पाहिजे, आणि कॉलेजात संध्याकाळी मेन स्विच बंद व्हायचा. म्हणून बाटल्या घरी आल्या. सोप्यात एका फळीवर त्यांची रांग आणि रांगेच्या एका टोकाला बल्ब. वहिनीला त्या बल्बाच्या जागी ट्यूबलाइट हवी होती. दादाला बरं दिसेल, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं की ट्यूब डोळ्याला लख्ख वाटते, पण तो पलीकडचा उजेड तिच्यात जवळजवळ नसतो, बल्बात तो भरपूर असतो. वहिनी म्हणाली, "म्हंजे माणसांचं न्हाई, बाटल्यांचं बघायचं व्हय?" आणि मग स्वतःच हसून बल्ब पुसून ठेवला.

दादाला त्या बाटल्यांचा लळा लागला. कामावरून आला की तो फळीपाशी स्टूल घेऊन बसायचा. एकदा त्यानं बल्बापुढं तळहात धरला आणि विचारलं, "बाळ्या, हे गरम लागतंय, तेच का तुझं न दिसणारं?"

"त्याच्याच भावकीतलं, दादा."

"मग ही किडं ते पकडत्यात कसं?"

मी वर लिहिलं तसं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "चौक्या की रं. म्होरं डोंगरावर दोन-दोन पोरं बसवायची. ती लढत न्हाईत. काय दिसलं की मागच्या चौकीला कळवायचं, तिनं तिच्या मागच्या. मेन पोस्टवर बातमी पोचली पायजे बस."

सरांनी तासभर फळ्यावर खडू झिजवून मला जे समजलं नव्हतं, ते मला त्या क्षणी समजलं. परीक्षेत मी चौक्याच लिहिल्या असत्या, पण धीर झाला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी रांगेतल्या बाटल्यांचे रंग वेगळे व्हायला लागले. बल्बाच्या अगदी जवळची बाटली फिकट, सरबतात पाणी जास्त झाल्यासारखी. सगळ्यात लांबची, जिथं उजेड जेमतेम पोचायचा ती, पिकल्या जांभळासारखी गडद. मी धावत सरांकडं गेलो आणि जिवाणू अंधारात जास्त वाढतात असा माझा शोध जाहीर केला. सर म्हणाले, "गाढवा, मोजलेस का?" मोजले तर लांबच्या बाटलीत जिवाणू उलट कमीच होते. पण एकेकाच्या अंगात उजेड झेलणारी सामग्री कितीतरी जास्त भरलेली. उजेड कमी पडला, की हे जीव झेलणारे हात वाढवतात. घरी येऊन जेवताना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती. दादाचा घास हातातच राहिला.

"म्हंजे अंधार केला की चौक्या वाढत्यात?"

"व्हय."

"आपोआप?"

"आपोआप."

दुसऱ्या दिवशी दादा कामावरून आला तो साहेबाला सांगून पाळी बदलूनच; सकाळी लवकर जायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं. जेवण झाल्यावर त्यानं काळ्या पेटीतून फौजेतलं कांबळं काढलं, मधल्या खोलीच्या खिडकीवर खिळे ठोकून ते ताणून लावलं, दारं लावून घेतली आणि आत खुर्चीवर ताठ बसला. मी दाराबाहेरून विचारलं, "दादा, काय चाललंय?"

"परेड."

मी आत गेलो. अंधारात त्याला सांगितलं, अगदी सरळ सांगितलं, की ते जिवाणू आहेत, ते एकाचे दोन होतात, नवी सामग्री घडवतात. डोळ्याच्या पडद्याचं तसं नसतं, तिथं गेलेलं परत येत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच वहिनीला आणि मला बाहेर घेऊन, उरलेलंही हळूहळू जाणार, असं सांगितलं होतं, त्यातलं जेवढं जिभेवर आलं तेवढंही बोललो.

दादा शांतपणे म्हणाला, "तुला कुनी सांगितलं? करून बघितलंयस तू?"

"न्हाई."

"तुझा सर काय म्हनतो? मोजल्याबिगर बोलायचं न्हाई. मग? हंगामापतोर मला करू दे. मग मोजू."

विज्ञानाचा मास्तर म्हणून आयुष्य काढलं, वर्गात पोरांना हेच शिकवलं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य उच्चारताना खिडकीवरचं ते कांबळं डोळ्यासमोर यायचं.

परेड रोज चालू झाली. वहिनीनं लग्नातलं पितळी ताट चिंचेनं लख्ख घासून मधल्या खोलीतल्या फळीवर भिंतीला टेकवून उभं केलं. दादा खुर्चीवर बसून त्या ताटाकडं बघायचा. सुरुवातीला काहीच दिसायचं नाही. मग एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, "कायतरी हाय खरं. धुक्यात चंद्र असल्यागत." वहिनीनं त्या दिवशी गव्हाची खीर केली. पुढं त्याला ताटाची कड दिसली, मग ताटाशेजारचा तांब्या. कामावर जाताना शीळ घालायला लागला. गेटवरच्या लोकांना सांगायला लागला की हंगामाला मी कायम. मी मनात शंभरदा म्हटलं की असं होत नसतं. आणि मग गुपचूप सोप्यातल्या त्या गडद बाटलीकडं बघायचो आणि वाटायचं, आपल्याला तरी कुठं सगळं कळलंय?

फक्त एक होतं. ते तास दुपारचे होते. अंगणात ऊन स्वच्छ पडायचं, आणि तसल्या उन्हात दादाला तेव्हा समोरचं अजून छान दिसायचं. अंगणातली तुळस, दोरीवरचे कपडे, निवडायला घेतलेले तांदूळ, वहिनीचं तोंड. ते सगळं बाहेर ठेवून तो आत बसायचा. वहिनी त्या बंद दाराला पाठ लावून सूप घेऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "भावजी, डॉक्टरनं सांगितलं ते सांगितलं. मला वाटतंय, जवर दिसतंय तवर त्यास्नी दुपारचं उन्हात बसवावं. कायबी बघू द्या. माझ्याकडं बघत बसलं तरी चालंल." मग खाली मान घालून खडे वेचत म्हणाली, "पन हे त्यास्नी म्हनू कसं? म्हनलं की कळंल न्हवं, आमी काय धरून बसलोय ते."

मिरजेला जायचं होतं त्याच्या आदल्या दुपारी दादानं मला हाक मारली. "आज तू बी आत बस. तुझ्या सायन्सला साक्षीदार लागतोय." मी आत जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. वहिनीनं बाहेरून दार ओढून घेतलं. पहिल्यांदा मला माझा हातही दिसेना. आत गोणपाट, हळद आणि कांबळ्याच्या लोकरीचा वास. पेठेतून हातगाड्यांचा खडखडाट येत होता. मग हळूहळू माझ्या डोळ्यांना अंधार सरावला. काही न करता, कसलीही परेड न करता, चांगले डोळे करतात तसं त्यांनी केलं. खुर्चीचे पाय दिसले. दादाची ताठ पाठ दिसली. फळी दिसली. फळीवरचा तांब्या दिसला. आणि तांब्याशेजारी ताट नव्हतं.

मी पुन्हा बघितलं. फळीवर मोकळी जागा होती. सकाळी खोलीच्या मालकीणबाईंनी हळदीकुंकवाला ते ताट मागून नेलं होतं, हे मला मागाहून कळलं.

दादा म्हणाला, "दिसतंय का तुला?"

मी काहीतरी हुंकार दिला.

"मला दिसतंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात केवढा आनंद होता. "कडंला जरा पुसट हाय. पन मधी लय चमकतंय गड्या. आज लय चमकतंय."

त्याच वेळी स्वयंपाकघराकडचं दार आवाज न होता बोटभर उघडलं. वहिनी दारात होती. मालकीणबाईंकडून परत आणलेलं ताट तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. ती ठेवायला आली होती आणि तिनं ऐकलं होतं. फटीतून आलेल्या उजेडात मला तिचं तोंड दिसलं. दादाला ती फटही दिसली नाही. तो फळीकडं बघून हसत होता. वहिनीनं ताटाला लागून वाजू नयेत म्हणून हातातल्या बांगड्या हळूच कोपराकडं सारल्या. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "चमकंल न्हाईतर काय! कालच चिंचंनं घासलंय की मी."

"तरीच!" दादा म्हणाला.

वहिनी ताट तसंच छातीशी धरून मागं गेली आणि दार लावून घेतलं. मी दादाशेजारी बसून राहिलो. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

मिरजेच्या डॉक्टरांची खोलीही अंधारी होती. डॉक्टर भले गृहस्थ होते. दादानं बसल्या बसल्या त्यांना चौक्यांची सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतली. मग त्यांनी बारीक दिवा लावून त्याच्या डोळ्यात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक बोट त्याच्या कानाकडून हळूहळू समोर आणत विचारलं, दिसलं की सांगा. बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत दादा वाट बघत होता. मागच्या वेळी ते बोट गालाशी आलं तेव्हाच तो 'दिसलं' म्हणाला होता. मी भिंतीशी उभा होतो. वहिनी बाहेर बाकावर होती. डॉक्टर म्हणाले, "गेटवरचं काम नको आता." एवढंच म्हणाले.

सांगलीला घरी आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि स्टोला पंप मारत बसली. मारत राहिली, पेटवला नाही. दादा मधल्या खोलीत गेला, चाचपून एकेक खिळा उपटला, कांबळं उतरवलं आणि फौजेत घालतात तशी त्याची चौकोनी घडी केली, कडेला कड जुळवून. मग सोप्यात येऊन फळीवर हात फिरवत गेला. बल्बाजवळची गरम बाटली, तिच्या पुढची, तिच्याही पुढची, शेवटची. शेवटच्या बाटलीवर त्याचा हात थांबला.

"हीच न्हवं ती?"

"व्हय."

"अजून तशीच हाय? काळीभोर?"

"हाय."

त्यानं बाटलीला गाल लावला. म्हणाला, "ह्यास्नी जमलं रं."

माझा आजवरचा सगळा अभ्यास त्या तीन शब्दांपुढं मला थिटा वाटतो. पुढं परदेशात कुणीतरी त्या उजेड झेलणाऱ्या रचनेचं चित्रच मिळवलं. त्यात रंगद्रव्याचे रेणू गोल रिंगणात उभे असतात, पंचमीला बाया फेर धरतात तसे, एकीचा हात दुसरीला लागेल इतके जवळ. ते चित्र मासिकात आलं तेव्हा मी गावी गेलो होतो. दादा तोवर पुरता आंधळा झाला होता, सोप्यात खाटेवर बसून असायचा. मी त्याच्या तळहातावर बोटानं ते रिंगण काढून दाखवलं. त्यानं पुन्हा काढायला लावलं. म्हणाला, "चौक्या गोल हाइत व्हय? तरीच कोन निसटत न्हाई." आणि वहिनीला हाक मारून तिच्या तळहातावरही काढायला लावलं. वहिनी हात पुढं करून उभी राहिली, आणि बघत होती दादाकडं.

मधल्या खोलीतल्या त्या दुपारबद्दल आम्ही तिघं कधीच बोललो नाही. दादाला फळीवरचं ताट खरंच दिसल्यासारखं वाटलं, की बाहेर खीर शिजवणाऱ्या बायकोसाठी तो ते बघत होता, हे मला आजतागायत ठाऊक नाही. वहिनीला ठाऊक असेल. मी विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर तिनं मला भाकरी वाढली असती.

माझं लग्न झालं तेव्हा दादाला दिसत नव्हतं. आमच्याकडं धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, तशी ही लग्नानंतर पहिल्यांदा गावी आली तेव्हा पदर घेऊन त्याच्या पाया पडली. त्यात काही नवल नव्हतं. पण पुढं किती वर्षं गेली, पोरं झाली, केस पिकले, हिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तरी दादा सोप्यात बसला असला की ही आतून चहा घेऊन येताना उंबऱ्यावर क्षणभर थांबायची, एका हातानं पदर सारखा करायची आणि मगच पुढं व्हायची. उन्हाळ्यात घामानं निथळत असली तरी. मी चेष्टा करायचो. म्हणायचो, "अगं, कुणासाठी? त्याला तू जीन्स घालून आलीस तरी कळायचं नाही." ही नुसती डोळे वटारायची.

गेल्या साली दादा गेला. तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, वहिनी आत आडवी झाली होती, आणि आम्ही दोघं सोप्यात त्याच्या रिकाम्या खाटेपाशी बसलो होतो. हिचा पदर खांद्यावर होता. त्या सोप्यात तिचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी नेहमीचंच विचारलं, पण या वेळी चेष्टेनं नाही. म्हटलं, "इतकी वर्षं कशाला घेत होतीस गं पदर? त्याला दिसत नव्हतं, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ही खाटेवरची चादर सारखी करत होती. वर न बघताच म्हणाली, "मला माहीत होतं हो. पण मी पदर सोडला असता, तर घरातल्या सगळ्यांनी त्यांचा मान ठेवणं सोडलं असतं. आणि मग ते दादांना दिसलं असतं."